पंधरावा महिना

नवऱ्याच्या सुटीची यादी मी सुटी मंजूर व्हायच्या आधीच करायला घेते. महिन्याभराची सुटी असली तरी प्रवास, पाहुणे आणि गाव यांत आठ दिवस जातात. उरलेल्या दिवसांत काय काय बसवायचं ते आधी ठरलेलं बरं. नवरा सैन्यात हवालदार आहे, पायदळात, आणि वर्षातून दोनदा घरी येतो. बाकीचे दहा महिने मानेवाड्याच्या पुढच्या लेआउटमधलं आमचं घर मी, सासूबाई आणि दहावीतली मुलगी अशा तिघी चालवतो. लिहिताना मी नवऱ्याला तो म्हणते. समोर तुम्हीच.

यादीचे पाच भाग असतात: घर, सासूबाई, मुलगी, गाव आणि कागद. घरात टाकीचा व्हॉल्व्ह, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, गच्चीची भेग. सासूबाईंमध्ये डोळ्यांचा डॉक्टर, गुडघ्यांचा डॉक्टर आणि त्यांना त्यांच्या धाकट्या बहिणीकडे नेऊन आणणं. गावात मौद्याच्या पुढे असलेल्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, ज्याच्यावरून चुलत सासऱ्यांशी दरवर्षी तोच वाद होतो. कागदांचा भाग सगळ्यात मोठा. मी गांधीबागेत साड्यांच्या एका ठोक दुकानात माल तपासते. मालाची गाठ फोडायची, बिल्टीशी म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीशी ताडायची, नग मोजायचे, खोट असलेली साडी बाजूला काढायची. इतकी वर्षं हे काम करणाऱ्या बाईच्या फ्रिजवर यादी नसली तरच नवल.

स्टेशनवरून घरी आला की बूट काढायच्या आधी तो विचारायचा, “ऑपरेशन ऑर्डर निघाली का वं?”

मी फ्रिजकडे बोट दाखवायची. तो खिशातून पेन काढून उभ्या उभ्या वाचायला लागायचा आणि आतून सासूबाई ओरडायच्या, “अवं, त्याले पानी तं पिऊ दे!”

कामं मात्र तो करायचा. एकही सोडायचा नाही. विसाव्या-बाविसाव्या दिवसापर्यंत सगळ्या कामांपुढे खुणा झालेल्या असत. मला त्याचा अभिमान होता. शेजारणींचे नवरे बारा महिने घरी असून त्यांच्या गच्च्या गळत होत्या.

दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याचा फोन आला. सासूबाईंशी बोलून झालं, मुलीशी बोलून झालं, मग फोन माझ्याकडे.

“विलिंगनेस भरून द्यायचा आहे,” तो म्हणाला.

लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर फौजेची भाषा घरात मुरतेच, त्यामुळे मला समजावून सांगावं लागलं नाही. हवालदाराची ठरलेली सेवा संपत आली की त्याला कागदावर विचारतात, आणखी दोन वर्षं राहायची इच्छा आहे का? असेल तर विलिंग, नसेल तर अनविलिंग, खाली सही. पुढे मेडिकल होतं, वरचे लोक ठरवतात, ते वेगळं. पण सुरुवात त्या सहीपासून. आणि एकदा नको लिहून दिलं की पुन्हा हवं म्हणणं जवळजवळ अशक्य.

“कधीपर्यंत?” मी विचारलं.

“नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत.”

“मंग अनविलिंग लिहून द्या. त्यात काय विचारायचं?”

तो म्हणाला, “सुबेदार साहब म्हणून राहिले, रुक जा.”

“काहून?”

“काहून म्हंजे? म्हणले, रुक जा.”

एवढंच. पण ते सांगताना त्याचा आवाज बदलला. मुलीला वर्गात पहिला नंबर मिळाला तेव्हा ती घरी येऊन ज्या आवाजात बोलली, तसा. दोन शब्दांवर माझा नवरा खूश झालेला मला फोनमधून ऐकू आला, आणि मी जळले. हे सरळच लिहिते. बाईवर जळणं मी समजू शकले असते. मी एका मिशाळ सुभेदारावर जळत होते, ज्याला मी कधी पाहिलेलंही नाही. मिशा असतील हा माझा अंदाज.

ही जळजळ जुनी आहे. मुलगी चार वर्षांची असताना आम्हाला फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, उत्तरेकडच्या एका छावणीत, दोन वर्षांसाठी. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी एका जवानाला ग्राउंडकडे जाताना पाहिलं. मान ताठ, खांदे मागे, पाऊल नेमकं. काय छान चालतो हा माणूस, असं मनात आलं. तो वळला तेव्हा कळलं, हा तर आपलाच नवरा. घरी तो चपला ओढत चालतो. त्या दोन वर्षांत मी पाहिलं की तिथे तो जास्त हसतो, भरभर बोलतो, आणि कोणी हाक मारली की त्याची मान लगेच वर होते. माझ्या हाकेला तो ‘आलो’ म्हणतो आणि पाच मिनिटांनी येतो.

आता त्याच्या हाताखाली अकरा अग्निवीर आहेत. फोनवर त्यांचा उल्लेख ‘माहे पोट्टे’ असाच. एकाच्या आईचं ऑपरेशन, दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न मोडलेलं, तिसऱ्याला पोळी लाटता येते पण भात करता येत नाही, सगळं त्याला माहीत. अकराही जणांच्या बुटांचे नंबर पाठ. मुलीने एकदा मजा म्हणून विचारलं तर एका दमात म्हणून दाखवले, “सात, आठ, आठ, नऊ, सात…” तोच माणूस उन्हाळ्याच्या सुटीत मुलीसाठी एक नंबर लहान सँडल घेऊन आला. मुलगी हसली. “पप्पा, मी काय अजून आठवीत आहे?” तोही हसला. मी सँडल पुन्हा डब्यात ठेवली आणि बदलून आणायचं काम यादीत लिहिलं.

अग्निवीर म्हणजे चार वर्षांसाठी घेतलेली मुलं. चार वर्षं झाली की चौघांमागे साधारण एकाला ठेवायचं, बाकीच्यांना घरी पाठवायचं, असा नियम. आकडा वाढणार आहे असं टीव्हीवर अधूनमधून सांगतात, त्यामुळे मुलं आशेवर. माझ्या नवऱ्याच्या वेळी हे नव्हतं. एकदा आत गेलं की वर्षानुवर्षं आत. म्हणून तर माझ्या वडिलांनी फौजी जावई पसंत केला. नोकरी पक्की, माणूस निर्व्यसनी, दोन वाक्यांत लग्न ठरलं. आता नोकरी चार वर्षांची झाली तरी मौद्याच्या रस्त्याने सकाळच्या बसने गेलं तर कडेने भरतीसाठी पोरं पळताना दिसतातच. एकदा मी सासूबाईंना म्हटलं, चार वर्षांसाठी इतका जीव कशाला काढतात?

“इथी कोनी हिंग लावून इचारते का त्यायले?” सासूबाई म्हणाल्या. “तिथी निदान कोनी तरी म्हनते, उठ, चाल, पय.”

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. उठ, चाल, पळ तर मीही म्हणतेच.

तर प्रकार असा होता. ज्या अकरा जणांना राहायचं होतं त्यांतल्या बहुतेकांना जा म्हणणार होते, आणि ज्याला मी घरी बोलवत होते त्याला रुक जा. मला वाटलं, नवऱ्याला घराची बाजू नीट कळलेली नाही. म्हणजे ती नीट मांडायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात माल कमी होता. मी नवी यादी करायला घेतली. वर लिहिलं, ‘कायमचं आल्यावर’. घरी येईपर्यंत बत्तीस कामं झाली होती. दोन दिवसांत एकसष्ट. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मुलीला गाडी शिकवणं, धुऱ्याची मोजणी, प्लॉटच्या नियमितीकरणाचे कागद, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्यानंतरचा व्यायाम, मागच्या भिंतीचा ओलावा, सिलिंडर ठेवायला कट्टा, टाकीत पाहायला चांगला टॉर्च, भाच्याच्या लग्नातली धावपळ, मुलीच्या बारावीच्या क्लासची पाहणी, पाहणी झाल्यावर क्लासला सोडणं-आणणं. सोपी कामं आधी, म्हणजे उत्साह टिकतो. मोठी कामं मध्ये. दरवर्षी करायच्या कामांपुढे चांदणी. माझ्या आतापर्यंतच्या याद्यांत ही सगळ्यात चांगली होती. म्हणणं साधं होतं: पाहा, घराला तुमची किती गरज आहे.

चार पानांचे फोटो काढून पाठवले. उत्तरात अंगठा आला.

पुढच्या रविवारी तो त्यावर काही बोलला नाही. शेवटी मीच विचारलं, “यादी पाह्यली का?”

“पाह्यली. लई मेहनत केली वं तुनं.”

“मंग?”

“मंग पाहतो ना.”

तो पाहतो म्हणाला की मी मनात काम झालं असं धरते. सुटीच्या याद्यांचा तसा अनुभव होता. मी निश्चिंत झाले.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका रविवारी सकाळी दारात एक उंच, हडकुळा मुलगा उभा. केस फौजी, पाठीवर सॅक, हातात सुतळीने बांधलेलं खोकं. मला कळलं. सुटीवर निघालेला जवान आपल्या भागातल्या इतरांच्या घरचं सामान घेऊन निघतो आणि आपल्या घरी जायच्या आधी ते पोचवतो, अशी त्यांच्यात रीत आहे. आमच्या घरून निघतानाही नवऱ्याच्या बॅगेत दुसऱ्यांचे तिळाचे लाडू असतात.

“नमस्ते काकू. उस्तादनं पाठवलं जी.”

उस्ताद म्हणजे माझा नवरा. मुलगा अकरांपैकी एक होता, मौद्याच्या पुढच्या एका गावातला. त्याची बस एक वाजता होती. सासूबाईंनी त्याला आत ओढलंच. “बस गा बाबू. केवढा वाळला! खायले देत नाई का तिथी?”

तो सोफ्याच्या कडेवर ताठ बसला. पाण्याचा ग्लास एका घोटात संपवला आणि खोकं उघडून एकेक वस्तू देऊ लागला. सासूबाईंना शाल. मुलीला ट्रॅकपँट, आणि या वेळी माप बरोबर. घरासाठी अक्रोड. मग एक काळा, जड टॉर्च काढून त्याने माझ्या हातात दिला.

“हा तुमच्यासाठी. एकोणीस नंबर.”

“कोनता एकोणीस नंबर?”

“यादीतला जी. टाकीत पाहाले टॉर्च.” मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने जीभ चावली.

“तुले कसं माहीत?”

“उस्तादनं वाचून दाखवली ना आमाले.” तो मुलीकडे पाहू लागला. मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. “चहा पिऊन राहिलो होतो सगळे. उस्ताद म्हणले, ऐका रे, माह्या घरून ऑर्डर आली. अन् एकसष्टच्या एकसष्ट वाचली. सगळे हासले जी. आमच्यात एक हरियाणाचा आहे, तो म्हणला, उस्ताद, यहीं रुक जाओ, यहां ड्यूटी कम है.”

मुलगी मोठ्याने हसली. सासूबाईही. माझ्या यादीवर, जी मी नवऱ्याला घरी आणण्यासाठी केली होती, अकरा परकी पोरं चहा पिता पिता हसली होती. मी विचारलं, “अन् उस्ताद? ते बी हासले असन.”

“नाही जी. उस्ताद नाही हासले.” तो आता गंभीर झाला. “त्यायनं ती यादी वहीत उतरवून घेतली. आपल्या अक्षरात. हरेक कामापुढं दिवस टाकले. याले तीन दिवस, याले पंधरा दिवस, असे. मंग बेरीज केली. म्हणले, चौदा महिने. चौदा महिन्यांत सगळं खतम. अन् पेन ठेवून म्हणले, पंधराव्या महिन्यात?”

“पंधराव्या महिन्यात काय?”

“बस, येवढंच. पंधराव्या महिन्यात? आमाले वाटलं आमालेच विचारून राहिले. आमचं बी तेच आहे ना काकू. चार वर्षं झाले का मंग काय, कोनाले माहीत आहे?”

मी स्वयंपाकघरात गेले. चांदणीवाल्या कामांचं काय, असं माझ्या मनात आलं. दरवर्षीची कामं त्याने धरली होती की नाही? धरली नसतील तर बेरीज चुकली. आधी मला हेच सुचलं.

पोहे घेऊन बाहेर आले तर मुलगा सासूबाईंना सांगत होता, “असे पोहे नाही खाल्ले लई दिवसांत. पण पाटोड्या खातो आमी. उस्ताद करतात रविवारी.”

“कोन?” सासूबाई म्हणाल्या. “माहा पोट्टा? पाटोड्या?”

“हो जी! लंगरचे सैपाकी बी पाहत राह्यतात. रस्सा असा का नाकातून पानी. त्यायचा हात लई बारीक आहे वड्या कापाले. अन् करतानी गाने म्हणतात.”

अठरा वर्षांत माझ्या नवऱ्याने आमच्या गॅसला हात लावलेला नाही. मी कधी यादीत तसं काही लिहिलं नव्हतं. तो गातो हे मला माहीत नव्हतं. मुलगा सांगत राहिला, उस्ताद रोज त्याच्याबरोबर पळतात, राहण्यासाठीची चाचणी जवळ आली आहे, वेळ दोन-चार सेकंदांनी कमी पडते, उस्ताद घड्याळ धरून पुढे पळतात आणि मागे वळून शिव्या देतात. या वयात पुढे पळतात. मुलगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. ती एका अनोळखी माणसाबद्दल ऐकत होती, आणि तो माणूस तिला आवडत होता. मलाही आवडला असता.

“बेसन कुठून आणतात?” मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“कँटीनमधून जी.”

मग त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. “काकू, एक म्हणू का? उस्तादले दोन वर्षं राहू द्या ना. निदान आमचं होईपर्यंत. ते गेले तं आमच्याकडे कोन पाहीन?”

“तुमचं झाल्यावर दुसरे येईन,” मी म्हणाले. “त्यायचं झाल्यावर तिसरे. आमचं कधी होईन?”

मुलाचे कान लाल झाले. एकवीस-बावीस वर्षांचा असेल. पुढच्या वर्षी त्याला ठेवतात की काढतात ते ठरणार होतं, आणि ज्या माणसाच्या भरवशावर तो होता त्याच्या घरात येऊन त्याने एक गोष्ट मागितली होती. माझ्या सगळं लक्षात येत होतं. तरी मी शब्द मागे घेतला नाही. तो उठला, सासूबाईंच्या पाया पडला, मला वाकून नमस्कार केला आणि सुतळी गुंडाळून खिशात घालून गेला.

“त्या लेकराले काहून बोलली वं?” सासूबाई म्हणाल्या. “त्यानं काय केलं तुह्यं?”

काय केलं ते सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, सामान पोचलं का म्हणून. मी पोचलं म्हणाले, आणि लगेच पुढचं, “पंधराव्या महिन्याचं काय म्हणून राहिले होते तुमी?”

“त्या पोट्ट्यानं सांगितलं का? त्याच्या पोटात काही राहत नाही.”

“घरचा कागद अकरा जणांत वाचाले लाज नाही वाटली?”

“अवं, मजाक होता.”

“मजाक होता तं वहीत काहून उतरवली?”

तो म्हणाला, “हे पाह्य. इथं संध्याकाळी काम संपलं का पोट्टे म्हणतात, उस्ताद, बसा. घरी काम संपलं का तू म्हणते, आता हे घ्या. मी काही चूक म्हणत नाही. घर तुनं चालवलं, मले माहीत आहे. पण काम संपल्यावर मी कोन, हे मले इथं समजते. तिथं नाही समजत.”

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. घर चालवताना मला कोण बसा म्हणतं, हेही होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे पाटोड्यांचा रस्सा होता, आणि तो बनवताना गाणारा माणूस. मी म्हणाले, “मंग बसा तिथंच,” आणि फोन ठेवला.

पुढचे दोन आठवडे आमचं बोलणं कामापुरतं झालं. माझ्याकडे एक गोष्ट करण्यासारखी होती आणि ती काय हे मला ठाऊक होतं. दुकानात गाठी फोडताना मी मनात वाक्य जुळवायची. एका दुपारी वही काढून त्या यादीखाली बासष्ट आकडा टाकला. पुढे काय लिहायचं? मला हवं होतं ते काम नव्हतंच. तो अंगणात खुर्ची टाकून बसलेला, मी समोरच्या पायरीवर, हातात काही नाही, आणि त्याने उठायची घाई करू नये. याला किती दिवस लावायचे? मी आकडा खोडला.

आणि सांगितलं का नाही? कारण सुभेदाराने ‘रुक जा’ आधीच म्हटलं होतं. त्याच्या नंतर, त्याच्यासारखंच मी ‘या’ म्हणायचं, ही मला हार वाटत होती. माझा हक्क पहिला, तर विचारणा तिकडून यायला हवी होती. त्याने म्हणायला हवं होतं, तुले काय वाटते? तो विचारेल म्हणून मी वाट पाहिली. विचारलं तर काय सांगायचं तेही तयार ठेवलं होतं.

महिना संपायच्या दोन दिवस आधी दुपारी दुकानात फोन वाजला. तो कधी दुपारी फोन करत नाही. मी गोदामाच्या मागच्या दारात गेले.

“भरून दिला,” तो म्हणाला.

“काय लिहिलं?”

“विलिंग.”

मी दाराची कडी धरून उभी राहिले. समोर हमाल गाठ उतरवत होते. तो घाईघाईने बोलत होता: मेडिकल अजून व्हायचं आहे, बोर्ड बसायचा आहे, दोन वर्षं म्हणजे चार सुट्या, त्या चार सुट्यांत यादीतली बरीच कामं होतील, त्याने कोणतं कधी ते लिहूनही ठेवलं आहे, गच्ची उन्हाळ्यात, मोजणी दिवाळीत. माझ्याच पद्धतीने तो मला समजावत होता. इतकी नीट मांडणी मी केली असती तरच.

“मले वाटे तुमी यावं,” मी म्हणाले.

“कामं तं मी करतोच म्हणून राहिलो ना…”

“कामाले लागू द्या आग. तुमी यावं. घरी. बसाले.”

त्याची घाई थांबली.

“हे आधी काहून नाही म्हणली?”

“तुमी विचारलं नाही.”

“सुबेदार साहबले बी मी विचारलं नव्हतं,” तो म्हणाला.

रागाने म्हणाला नाही. पण खरं होतं. हमालांपैकी एकाने मला विचारलं, “मॅडम, बिल्टी?” मी त्याला हाताने थांब म्हणून खुणावलं. तेवढ्यात पलीकडून हाक आली. दूरवरून, तरणा आवाज, “उस्ताद! ओ उस्ताद!”

“जा,” मी म्हणाले. “बोलावून राहिले.”

“बोलावू दे.”

मी पायरीवर बसले. तो काही बोलत नव्हता, मीही नाही. तिकडे वारा होता, फोनमध्ये घोंघावत होता. सही झालेली होती. दोन वर्षं तिकडची होती, ती काही आता परत येणार नव्हती, आणि त्या हडकुळ्या मुलाला ठेवतात की नाही हेही अजून कळायचं होतं. पुन्हा हाक आली, आधीपेक्षा जवळून. मग तिसरी, दोघा-तिघांची मिळून. मी प्रत्येक हाक ऐकली. तो गेला नाही.